ओएस अपग्रेडनंतर नोंद सापडेना: पोस्टग्रेसचा इंडेक्स का बिघडतो आणि कसा दुरुस्त करायचा

आधी लक्षण सांगतो, कारण ते बघून बहुतेक जण भलत्याच दिशेला जातात. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली. पोस्टग्रेस (डेटा साठवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर) नीट सुरू झालं, लॉगमध्ये एकही एरर नाही, ॲप उघडतंय, लॉगिन होतंय. दोन-तीन दिवसांनी कुणीतरी म्हणतं, अमुक नोंद दिसत नाही. टेबल उघडून बघावं तर नोंद जागच्या जागी. पण पूर्ण क्रमांक टाकून शोधलं की उत्तर येतं: शून्य नोंदी.

तुमच्याकडे हेच होत असेल तर धीर धरा, डेटा गेलेला नाही. पण नव्या नोंदी भरणं आत्ताच्या आत्ता थांबवा. न सापडणारी नोंद एकवेळ परवडते. ती सापडत नाही म्हणून कुणी परत भरली, तर खरं नुकसान तिथून सुरू होतं. आमच्याकडे तेच झालं.

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या मराठी वाचनालयाचा कॅटलॉग मी सांभाळतो. सत्तेचाळीस हजारांवर दाखल क्रमांक आहेत. जुन्या रजिस्टरांत साधे आकडे होते: ४३१२, ४३१३, असे. पुढे अनेक खंडांच्या ग्रंथांसाठी कुणीतरी आडवी रेघ देऊन खंड लिहायला सुरुवात केली. म्हणजे ४३१२-२ हा ४३१२ चा दुसरा खंड. त्यामुळे क्रमांकाचा कॉलम आकड्यांचा नाही, टेक्स्टचा आहे. (संगणकात हे अंक इंग्रजीच आहेत, इथे लिहिताना मी मराठीत लिहितोय.)

उबुंटू १८.०४ ची नेहमीची सुरक्षा-मुदत ३१ मे २०२३ ला संपणार होती, म्हणून त्याच महिन्यात एका रविवारी मी मशीन २०.०४ वर नेलं. पोस्टग्रेसची आवृत्ती १२ होती, तीच ठेवली. डेटाची डिरेक्टरी तीच, आवृत्ती तीच, सगळं सुरळीत. सोमवारी काही कळलं नाही. बुधवारी दुपारी वाचनालयातल्या ताईंचा फोन आला.

"अरे, दुसरा खंड माझ्या हातात आहे, आणि हा म्हणतोय असं पुस्तकच नाही!"

मी म्हटलं, "ताई, क्रमांक नीट टाकलाय ना तुम्ही?"

"चार वेळा टाकला. बरं ऐक, नुसतं ४३१२ टाकलं तर यादीत दोन्ही खंड येतायत. पूर्ण टाकला की गायब."

हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं होतं आणि मी ते तेव्हा कानाआड केलं. अर्धा क्रमांक टाकला तर दिसतं आणि पूर्ण टाकला तर दिसत नाही, याचा अर्थ नोंद शाबूत आहे आणि तिच्यापर्यंत नेणारी वाट चुकली आहे. अर्ध्या क्रमांकाचा शोध लाइक वापरून होतो, म्हणजे मजकुराचा तुकडा जुळवून. लोकेल म्हणजे भाषा आणि क्रमवारीची सेटिंग. सी नावाचं लोकेल (त्यात साधा बाइटचा क्रम असतो) सोडून इतर कोणत्याही लोकेलमध्ये साधा बी-ट्री इंडेक्स (नोंद पटकन शोधायला क्रमाने लावलेली सूची) लाइकच्या कामाला येत नाही, म्हणून पोस्टग्रेस सगळं टेबल पहिल्या नोंदीपासून वाचत जातं आणि नोंद सापडते. पूर्ण क्रमांकाचा शोध इंडेक्सवरून जातो, आणि इंडेक्स म्हणतो नाही.

माझा पहिला संशय मात्र कीबोर्डवर गेला. मराठी डेटा सांभाळणाऱ्याला तो येणारच. "तऱ्हा" मधला ऱ एका कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावरून र आणि खाली नुक्ता अशी दोन अक्षरं म्हणून. दिसायला सारखेच, साठवणीत वेगळे, आणि बरोबरीच्या चिन्हाने शोधलं तर जुळत नाहीत. दोन्ही शब्दांची अक्षरसंख्या मोजली की हे लगेच उघडं पडतं, आणि पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शनही आहे. पण आमचा क्रमांक तर नुसते अंक आणि एक रेघ. त्यात ऱ कुठून येणार? तरी त्या संशयापायी माझा अर्धा दिवस गेला.

दोन्ही बिघाड वेगळे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. त्याच सेशनमध्ये एनेबल-इंडेक्सस्कॅन, एनेबल-इंडेक्सओन्लीस्कॅन आणि एनेबल-बिटमॅपस्कॅन हे तिन्ही ऑफ करा आणि तीच क्वेरी परत चालवा. एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कुठल्या वाटेने चालते ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) सिक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे सगळं टेबल वाचणं, आला आहे याची खात्री करा. नोंद आता सापडली तर दोष इंडेक्सचा. अजूनही नाही सापडली तर अक्षरांचा घोळ आहे किंवा नोंद खरोखरच नाही. या सेटिंग्ज त्या सेशनपुरत्याच असतात, दुसऱ्या कुणाला त्रास होत नाही. मी ही चाचणी गुरुवारी सकाळी केली. तिन्ही ऑफ, एंटर, आणि एकाऐवजी दोन नोंदी आल्या. ४३१२-२, दोनदा. त्या दुसऱ्या नोंदीकडे पुढे येतो.

आता कारण. पोस्टग्रेस मजकुराचा क्रम स्वतः ठरवत नाही. डेटाबेस नेहमीच्या पद्धतीने बनवला असेल तर दोन शब्दांतला आधी कुठला, हे ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीला विचारतं. लिनक्सवर ती बहुतेक ठिकाणी जीलिबसी असते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये क्रमवारीचे नियम आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीनुसार बदलले, आणि बदल मोठा होता. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ होती, २०.०४ मध्ये २.३१. डेबियन ९ मध्ये २.२४, डेबियन १० मध्ये २.२८. रेडहॅट ७ आणि सेंटओएस ७ मध्ये २.१७, आणि ८ मध्ये २.२८. यातली कुठलीही जोडी ओलांडली की २.२८ ची सीमाही ओलांडली.

बदल समजायला वाचनालयाचंच उदाहरण घेऊ. शाळेतल्या मुळाक्षरांच्या तक्त्यात शेवटची ओळ ह, ळ, क्ष, ज्ञ अशी असते. कार्डांच्या कपाटात एकाने या तक्त्याप्रमाणे "ज्ञानेश्वरी"चं कार्ड शेवटच्या खणात ठेवलं. त्याच्या जागी नवीन माणूस आला. त्याच्या हिशेबी ज्ञ हे ज आणि ञ यांचं जोडाक्षर, म्हणून तो ज च्या खणात बघतो. कार्ड नाही. तो प्रामाणिकपणे सांगतो, ज्ञानेश्वरी आपल्याकडे नाही. कपाटाला कुणी हात लावलेला नाही, एक कार्ड हरवलेलं नाही, माणूसही चुकीचं वागलेला नाही. फक्त लावण्याचा नियम एक आणि शोधण्याचा नियम दुसरा.

बी-ट्री इंडेक्स म्हणजे हेच कपाट. त्यातली कार्डं जुन्या नियमाने लावून डिस्कवर ठेवलेली आहेत. ओएस बदलली की शोधणारा बदलला, कपाट तसंच राहिलं.

आता ४३१२-२ कडे बघा. आमचं लोकेल अमेरिकन इंग्रजी युटीएफ-८ होतं, बहुतेकांचं तेच असतं. जुना नियम आडव्या रेघेकडे आधी दुर्लक्ष करायचा, अगदी बरोबरी झाली तरच तिचा विचार करायचा. म्हणून ४३१२-२ त्याला ४३१२२ सारखं वाटायचं. टेक्स्टच्या क्रमात ४३१२ नंतर ४३१२०, ४३१२१, ४३१२२ येतात, आणि मग आमचा दुसरा खंड. नव्या नियमात रेघ हे खरं चिन्ह आहे आणि अंकांच्या आधी येतं. त्यामुळे ४३१२-२ ची जागा ४३१२ च्या लगेच पुढे, ४३१२० च्याही आधी. नवा शोध तिथे जातो, ४३१२० दिसतो, म्हणजे पुढे बघायची गरजच नाही असं समजून परत येतो. पुस्तक तीन घरं पलीकडे बसलेलं असतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि तिच्यामुळे माणूस चक्रावतो. कधीकधी रेघ नसलेले साधे क्रमांकही गायब होतात. शोध इंडेक्सच्या मधल्या नोंदींशी तुलना करत डावीकडे-उजवीकडे वळतो. ४३१२० शोधताना वाटेत चुकीच्या घरात बसलेला ४३१२-२ भेटला, तर नवा नियम म्हणतो, हा लहान आहे, उजवीकडे वळा. आणि ४३१२० तर डावीकडे आहे. म्हणून "आमच्या क्रमांकात रेघ नाही, आम्हाला काय होणार" असं कुणी म्हणू नका. त्याच कॉलममध्ये कुठेही रेघ, स्पेस किंवा दुसरं चिन्ह असलं तर शेजाऱ्यालाही त्रास होतो. आणि अपग्रेडनंतर भरलेली नोंद नव्या नियमाने योग्य घरात बसलेली असते, म्हणून कालची नोंद सापडते आणि पाच वर्षांपूर्वीची सापडत नाही. हेही एक पक्कं लक्षण.

तुमची ओएस सीमेच्या अलीकडे की पलीकडे, हे एका मिनिटात कळतं. टर्मिनलमध्ये सॉर्ट कमांडला दोन ओळी द्या, १-१ आणि ११, अर्थात इंग्रजी अंकांत, आणि लोकेल अमेरिकन इंग्रजी ठेवा. आधी ११ आलं तर जुना नियम, आधी १-१ आलं तर नवा. एलडीडी कमांडला व्हर्जन विचारलं तर जीलिबसीचा आकडाही मिळतो. दोन्ही गोष्टी अपग्रेडच्या आधी करून कागदावर लिहून ठेवा. अपग्रेड झाल्यावर जुनी ओएस विचारायला उरत नाही.

काय बिघडतं आणि काय नाही, हेही लक्षात असू द्या, नाहीतर घाबरून सगळंच उपसायला घ्याल. पूर्णांक, तारीख, यूयूआयडी यांचे इंडेक्स सुखरूप असतात. सी किंवा पॉझिक्स कोलेशन (मजकुराच्या क्रमवारीचा नियम) असलेले टेक्स्ट कॉलमही, कारण तिथे तुलना थेट बाइटची होते. टेक्स्ट-पॅटर्न-ऑप्स लावलेले (लाइकसाठीचे, बाइटने लावलेले) इंडेक्सही. बिघडतात ते टेक्स्ट, व्हारचार, कॅरॅक्टर अशा कॉलमांवरचे बी-ट्री इंडेक्स, प्रायमरी की आणि युनिक बंधनं धरून. टेक्स्ट कॉलमवर रेंजने पार्टिशन केलं असेल (क्रमाच्या टप्प्यांनी टेबलाचे भाग पाडले असतील) तर काम जास्त आहे: काही नोंदी चुकीच्या पार्टिशनमध्ये बसलेल्या निघू शकतात आणि त्या उचलून हलवाव्या लागतात, नुसता इंडेक्स बांधून भागत नाही.

नेमके कुठले इंडेक्स तपासायचे हे पीजी-इंडेक्स या सिस्टिम टेबलातून काढता येतं. त्यातला इंड-कोलेशन कॉलम पीजी-कोलेशनशी जोडायचा, आणि ज्यांचं कोलेशन डीफॉल्ट किंवा लिबसीचं (सी लायब्ररीचं) आहे पण सी-पॉझिक्स नाही, ते इंडेक्स घ्यायचे. आमच्याकडे अकरा निघाले.

तपासायला ॲमचेक हे एक्स्टेन्शन आहे, पोस्टग्रेस १० पासून सोबतच येतं. त्यातलं बीटी-इंडेक्स-चेक प्रत्येक इंडेक्सवर चालवा. क्रम मोडलेला असेल तर आयटम ऑर्डर इन्व्हेरियंट मोडल्याची एरर येते, नसेल तर ते गप्प राहतं. पोस्टग्रेस १४ पासून पीजी-ॲमचेक नावाची वेगळी कमांड आहे, ती अख्खा डेटाबेस एका दमात तपासते. आमच्या अकरांपैकी तीन मोडलेले होते: दाखल क्रमांक, सभासदाचा फोन आणि पुस्तकाचं नाव. फोन का? तर काही जणांचे नंबर शहराच्या कोडनंतर रेघ देऊन लिहिले होते.

आता ती दुसरी नोंद. बुधवारी ताईंना पुस्तक सापडलं नाही, वाचक समोर उभा. त्यांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं, पुस्तक नव्याने भरलं आणि त्याच्या नावावर दिलं. दाखल क्रमांकावर युनिक इंडेक्स (एकच क्रमांक दोनदा न घेणारा) होता, त्याने अडवायला हवं होतं. पण युनिक इंडेक्ससुद्धा नव्या नियमाने नव्या घरात बघतो. घर रिकामं दिसलं, त्याने आत घेतलं. आता टेबलात एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी. जुन्या नोंदीवर सहा वर्षांचा देवघेवीचा इतिहास, नव्यावर एकच देवघेव. बुधवार ते गुरुवार सकाळ या वेळात अशा सात जोड्या तयार झाल्या होत्या. एका दिवसाच्या सात. महिनाभर कळलं नसतं तर किती झाल्या असत्या याचा विचार करून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि इथे मी अजिबात घाई करू देणार नाही.

आधी ॲप बंद करा, किंवा निदान नोंदी भरणं बंद करा. मग पूर्ण बॅकअप घ्या. पीजी-डम्प घ्याच, शिवाय पोस्टग्रेस थांबवून डेटा डिरेक्टरीची नक्कलही घ्या. आत्ताची बिघडलेली अवस्थासुद्धा पुरावा म्हणून लागते, कारण जोड्या एकत्र करताना चूक झाली तर परत इथेच यावं लागतं.

मग दुहेरी नोंदी शोधा, तेही वरच्या तिन्ही इंडेक्स सेटिंग्ज ऑफ ठेवूनच. नाहीतर ग्रुप-बाय (सारख्या नोंदी एकत्र करून मोजणं) त्याच मोडक्या इंडेक्सचा क्रम खरा मानून मोजेल आणि दुहेरी नोंदी वेगवेगळ्या समजून पुढे जाईल. प्रत्येक युनिक इंडेक्ससाठी हा शोध वेगळा घ्यावा लागतो.

सापडलेल्या जोड्या आधी एका बाजूच्या टेबलात जशाच्या तशा उतरवून ठेवा. मग कुठली नोंद ठेवायची ते माणसाने ठरवायचं, स्क्रिप्टने नाही. मी आणि ताई शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयात बसलो. बाहेरून कुणीतरी सेव-उसळ आणून दिली होती, ती तशीच निवत होती. ताई मूळ रजिस्टर उघडून क्रमांक वाचायच्या, मी दोन्ही नोंदी पडद्यावर लावायचो. सातपैकी सहा ठिकाणी सरळ होतं: जुनी ठेवायची, नव्या नोंदीवरची देवघेव जुनीच्या आयडीवर वळवायची, नवी काढायची. सातव्या ठिकाणी ताईंनी नवी नोंद भरताना लेखकाचं नाव दुरुस्त केलं होतं, जुन्यात ते वर्षानुवर्षं चुकीचं होतं. स्क्रिप्टने "जुनं ते खरं" म्हणत ती दुरुस्ती पुसून टाकली असती. देवघेवीचं टेबल फॉरेन-कीने (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणाऱ्या बंधनाने) बांधलेलं असेल तर आधी तिथला आयडी बदला, मगच नोंद काढा. ऑन-डिलीट-कॅस्केड असेल तर दुप्पट सांभाळून, नाहीतर नोंदीबरोबर तिची देवघेवही जाईल.

त्यानंतर रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं. लहान डेटाबेस असेल तर रीइंडेक्स डेटाबेस एवढी एकच कमांड पुरते. त्या वेळात टेबलांवर लिहिता येत नाही, पण आपण ॲप बंदच ठेवलंय. आमच्याकडे मिनिटभराच्या आत झालं. मोठा डेटाबेस असेल आणि काम थांबवणं शक्य नसेल तर पोस्टग्रेस १२ पासून रीइंडेक्स कन्करंटली आहे. त्याला डिस्कवर जास्त जागा लागते आणि वेळही. ते मधेच फसलं तर सीसी-न्यू अशा शेपटीचा अर्धवट इंडेक्स मागे राहतो, तो हाताने ड्रॉप करावा लागतो. एखादी दुहेरी नोंद राहिली असेल तर युनिक इंडेक्स बांधताना पोस्टग्रेस स्वतःच थांबतं आणि कुठला क्रमांक दुहेरी आहे ते सांगतं. ती एरर बघून वैतागू नका, ती तुमच्या भल्याची आहे. आम्हाला तशी एक आली, फोन नंबरांच्या कॉलममध्ये. मी तिथे जोड्या शोधायलाच विसरलो होतो.

शेवटी परत ॲमचेक, आणि ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी नव्याने गोळा करणारी कमांड). ॲनालाइझबद्दल थोडक्यात: अपग्रेडनंतर नोंदी सापडतात पण क्वेरी एकदम संथ झाली, अशी तक्रार असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. पीजी-अपग्रेडने मेजर आवृत्ती बदलली आणि नवी आवृत्ती १८ च्या आधीची असेल, तर आकडेवारी नव्या डेटाबेसात येत नाही आणि प्लॅनर आंधळेपणाने वाट निवडतो. अख्ख्या डेटाबेसवर ॲनालाइझ चालवलं की बहुधा जागेवर येतं.

इथपर्यंत एकदाची दुरुस्ती. पण हा आजार परत येतो आणि दर वेळी वेगळ्या दाराने येतो. मी तो पुढे दोन वेळा पाहिला.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑफिसात पोस्टग्रेस १५ डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर ओएसच्या फायलींसकट एका तयार इमेजमधून चालवायची सोय) चालायचं. तिथे ओएस कुणी अपग्रेड केलीच नव्हती. फक्त इमेज ताजी ओढली होती. नुसतं १५ एवढंच नाव दिलं होतं, त्यामागची डेबियन कुठली ते लिहिलं नव्हतं. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं आणि इमेजचा पाया डेबियन ११ वरून १२ वर गेला, जीलिबसी २.३१ वरून २.३६. म्हणून इमेजच्या नावात बुल्सआय, बुकवर्म असं डेबियनचं नाव नेहमी घाला, म्हणजे पाया तुम्ही ठरवाल तेव्हाच हलेल. आणि डेबियनच्या इमेजवर बनवलेला डेटा अल्पाइनच्या इमेजला कधीही जोडू नका. अल्पाइनमध्ये जीलिबसी नाहीच, मसल नावाची दुसरीच सी लायब्ररी आहे, आणि तिचा क्रम सरळ बाइटचा.

त्या ऑफिसात एक गोष्ट चांगली होती: पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस बनवताना कोलेशनची आवृत्ती लिहून ठेवली जाते, आणि जुळली नाही की जोडणी करताच वॉर्निंग येते. डेटाबेस २.३१ वर बनला, सिस्टिम २.३६ देते, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. बडोद्याच्या माणसाला ही कल्पना नवी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांची घडी बसवायला आणलं, आणि त्यांनी इथल्या पुस्तकांसाठी ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींतून एक वेगळी वर्गीकरण-पद्धत तयार केली. पुस्तकं कुठल्या नियमाने लावली ते लिहिलेलं होतं, म्हणून पुढे येणाऱ्याला शोधता आलं. पोस्टग्रेसने हे लिहायला १५ व्या आवृत्तीपर्यंत वेळ घेतला, पण आता ते लिहितं.

तिथल्या मुलाने मात्र त्या वॉर्निंगच्या खालची सूचना अर्धीच वाचली. सूचनेत दोन कामं असतात: आधी या कोलेशनवर अवलंबून असलेलं सगळं परत बांधा, आणि मग अल्टर डेटाबेस रिफ्रेश कोलेशन व्हर्जन चालवा. त्याने दुसरं काम केलं, पहिलं सोडलं. वॉर्निंग गेली, सगळ्यांना बरं वाटलं. रिफ्रेश कोलेशन व्हर्जन एकही इंडेक्स दुरुस्त करत नाही, ते फक्त नोंदवलेला आकडा बदलतं. कपाट जुन्याच नियमाने लावलेलं आणि दारावरची चिठ्ठी तेवढी नवी, अशी अवस्था. ही चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण पुढच्या माणसाला इशारा मिळण्याचा मार्गच ती बंद करते. कृपा करून हा क्रम कधी उलटा करू नका.

त्याच ऑफिसात नंतर रेप्लिका (मुख्य सर्व्हरची चालती नक्कल) उभी केली, नव्या मशीनवर, नव्या ओएसवर. स्ट्रीमिंग रेप्लिकेशन मुख्य सर्व्हरचा इंडेक्स जसाच्या तसा उचलून आणतं. मुख्य सर्व्हरवर नोंद सापडायची, रेप्लिकावर नाही. रेप्लिकावर लिहिता येत नाही, म्हणून तिथे रीइंडेक्सही करता येत नाही. दोन्हीकडे जीलिबसी एकच ठेवा, हाच उपाय. नव्या ओएसवर हळूहळू जायचं असेल तर लॉजिकल रेप्लिकेशन वापरा. त्यात नोंदी जातात आणि इंडेक्स पलीकडे तिथल्या नियमाने नव्याने बांधला जातो. डम्प घेऊन नव्या मशीनवर रिस्टोर केलं तरी तेच होतं. डेटा थोडा असेल तर मी आता तोच रस्ता धरतो.

कायमचा उपाय विचाराल तर कॉलम बघून ठरवा. दाखल क्रमांक, फोन, ईमेल, बिल क्रमांक, कोड, असल्या कॉलमांना भाषेच्या क्रमाची गरज नसते. त्यांना सी कोलेशन द्या. बाइटचा क्रम कुठलीही ओएस बदलत नाही. वाचनालयाचे दोन्ही क्रमांक-कॉलम मी तसे करून टाकले. पुस्तकाच्या नावाला मात्र सी देऊ नका. बाइटच्या क्रमात ळ हा ल नंतर आणि व च्या आधी येतो, आणि छापलेली यादी बघून पहिलाच वाचक विचारेल की ळ इथे कसा. तिथे भाषेचा क्रम हवा, आणि तो ठेवायचा तर दर अपग्रेडला तो इंडेक्स परत बांधायची तयारीही हवी. आयसीयू या वेगळ्या लायब्ररीचं कोलेशन घेतलं तरी यातून सुटका नाही, आवृत्ती बदलली की त्याचाही क्रम बदलू शकतो.

मायएसक्यूएलवाल्यांनी या विशिष्ट गोष्टीची चिंता करू नये, तिथे कोलेशन सर्व्हरच्या आतच असतं, ओएसकडे विचारायला जात नाही.

वाचनालयाचं मशीन गेल्या वर्षी परत हललं. २०.०४ ची मुदत ३१ मे २०२५ ला संपत होती. मधल्या काळात पोस्टग्रेस १२ ची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली, तेव्हाच डम्प-रिस्टोर करून १६ वर गेलो होतो, त्यामुळे डेटाबेसात २.३१ हा आकडा लिहिलेला होता. उबुंटू २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, मधे २२.०४ करावं लागतं. दोन्ही टप्पे होईपर्यंत पोस्टग्रेस बंदच ठेवलं, म्हणजे मधल्या नियमाने एकही नोंद आत जाणार नाही. अपग्रेडर बाहेरच्या रेपॉझिटरी बंद करतो, म्हणून पोस्टग्रेसची रेपॉझिटरी हाताने परत सुरू केली. मग पोस्टग्रेस चालू, ॲप बंद. वॉर्निंग आली: २.३१ आणि २.३९. आवृत्ती वेगळी म्हणजे क्रम बदललाच असं नाही, पण कुठल्या अक्षरात बदलला असेल ते शोधत बसण्यापेक्षा इंडेक्स बांधणं स्वस्त पडतं. रीइंडेक्स, ॲमचेक, ॲनालाइझ, आणि सगळ्यात शेवटी रिफ्रेश.

मशीनच्या कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवलं आहे, जुन्या कॅटलॉगचंच कोरं कार्ड. त्यावर तारीख, ओएस, जीलिबसी, पोस्टग्रेस आणि रीइंडेक्स केल्याची खूण, एका ओळीत एक अपग्रेड. सोमवारी सकाळी दार उघडायच्या आधी ताई खुर्चीवर बसल्या आणि न विचारता पहिला क्रमांक टाकला तो ४३१२-२. एक नोंद आली, दुसरा खंड, कपाट सात, खण तीन.